आजीची चूल आणि चार देश

माझ्या आजीला दमा होता. दिवाळीचा फराळ सुरू झाला की तो हमखास उसळे. वाईजवळच्या आमच्या घरातले ते काजळलेले स्वयंपाकघर, चुलीत ओलसर फाटी, कढईत चकल्या आणि फुंकता फुंकता मध्येच तोंडाला पदर लावून खोकणारी आजी! ‘थंडी बाधते हो,’ असे तीच म्हणे. धुराचे नाव कोणी घेत नसे. घरचाच तो, त्याला नावे कोण ठेवणार?

मला अक्षरओळख होण्यापूर्वीच कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मात्र या धुराचा पिच्छा पुरवला होता. भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत मोजमापाचे यंत्र भिंतीला न टांगता स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच बसवले. घरात धूर किती यापेक्षा बाईच्या श्वासात किती, हा खरा प्रश्न! ते संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले.

पण मोजणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. चूल बहुधा गरिबाघरची. मग आजार धुराचा की दारिद्र्याचा? एका गावात हा गुंता सुटेना. म्हणून भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून एकच प्रयोग झाला. प्रत्येक देशात सुमारे ८०० गर्भवती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्याजणींना गॅसची शेगडी आणि इंधन फुकट, बाकीच्यांची चूल तशीच. आपल्याकडचे काम तमिळनाडूत झाले. गॅसवाल्या घरच्या बायकांच्या श्वासातले सूक्ष्म कण जवळजवळ एक तृतीयांशावर आले. आता बाळे गुटगुटीत होणार, असे कोणालाही वाटेल. पण २०२२ साली निकाल आला : बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही! २०२४ साली न्यूमोनियाचाही निकाल तसाच.

वाचून मी खट्टू झालो. आजीचा खटलाच जणू फेटाळला गेला. तरी चारही देशांच्या मंडळींनी हा नावडता निकाल जसाच्या तसा छापला, याचे मला कौतुक वाटते. शिवाय शेगडी आली ती गर्भ राहून दोन-चार महिने उलटल्यावर, आणि घरी राहिली अठरा महिने. आजी चुलीपुढे पन्नास वर्षे बसली होती. घरातल्या धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आजीची फुंकणी आता आमच्या पुण्याच्या दिवाणखान्यात शोभेला टांगली आहे. पाहुणे कौतुकाने हातात घेतात. आई तिला हात लावीत नाही.