भविष्यातल्या रणांगणासाठी वाहने: विज्ञानकथेवरील युद्धखेळांतल्या एका शोधाचा मागोवा

टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळात दुसऱ्या महायुद्धातली लढाई निवडली, तर वाहनांसाठी फार वणवण करावी लागत नाही. शर्मन रणगाडा प्रत्यक्षात होता, त्याची मापे छापलेली आहेत आणि कुठली ना कुठली कंपनी त्याची प्रतिकृती विकतच असते. परग्रहावरच्या किंवा चाळिसाव्या सहस्रकातल्या लढाईला असा आधार नाही. तिथला चिलखती ट्रक कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याची ‘खरी’ प्रतिकृतीही कुठे मिळत नाही. गेल्या पन्नास वर्षांत या खेळातल्या लोकांनी आपली वाहने खेळण्यांच्या दुकानात, रणगाड्यांच्या किटमधून उरलेल्या तुकड्यांत आणि रिकाम्या डब्या-बाटल्यांत हुडकली. आयती वाहने मिळू लागल्यावरही हे हुडकणे थांबले नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर घोडे अडले ते मापाशीच.

सैनिकाचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात आणि वाहनाचे गुणोत्तरात, हे अडचणीचे मूळ. आज सर्वांत प्रचलित असलेला सैनिक 28 मिमीचा. पण काही उत्पादक हे माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात, काही डोक्यापर्यंत. जमिनीपासून डोळ्यांची उंची साधारण 1.6 मीटर धरली, तर प्रमाण 1/57 येते, 1.75 मीटर उंचीचा पूर्ण माणूस धरला, तर 1/62. त्यात विज्ञानकथेतल्या सैनिकांची डोकी, हात आणि बंदुका मुद्दाम मोठ्या घडवलेल्या असतात, आणि पायाखाली दोन-तीन मिमी जाडीची चकती असते. असा सैनिक 1/48च्या गाडीशेजारीही शोभून दिसतो. साडेचार मीटर लांबीची मोटार 1/72 प्रमाणात सुमारे 62 मिमी भरते, 1/64 मध्ये 70, 1/56 मध्ये 80, 1/48 मध्ये 94 आणि 1/43 मध्ये 105. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात इतकी तफावत असूनही ही सगळी प्रमाणे 28 मिमीच्या सैनिकांसोबत वापरली गेली आहेत. काल्पनिक वाहन मुळात किती लांब हे ठरलेलेच नसल्यामुळे ते चालून जाते. मात्र दार, शिडी, आसन आणि छतावरचे झाकण या गोष्टी माणसाच्या अंगाच्या मापाच्याच असाव्या लागतात. झाकणातून सैनिकाचे खांदे जात नसतील, तर बाकीचे काम कितीही सुबक असो, डोळा ते वाहन मान्य करत नाही. अनुभवी खेळाडू दुकानात गाडी हातात घेतल्यावर आधी दार आणि झाकण पाहतात ते यासाठीच.

विज्ञानकथेवरच्या सैनिक-खेळांच्या सुरुवातीच्या नियमावल्यांपैकी ‘स्टार गार्ड’ ही अमेरिकेत 1974 साली आली. तेव्हा हाताशी होती ती मुख्यतः ब्रिटनच्या एअरफिक्ससारख्या कंपन्यांची 1/76 आणि 1/72 प्रमाणातली स्वस्त प्लास्टिक किट आणि ओतीव धातूची खेळण्यातली वाहने. मॅचबॉक्सची ‘1-75’ मालिका 1953 पासून, तर हॉट व्हील्स 1968 पासून बाजारात होत्या. यांना सरसकट 1/64 म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी तो हिशेब पूर्ण खरा नाही. ही खेळणी ठरलेल्या डबीत किंवा पाकिटात मावतील अशी बनवली जात. त्यामुळे बस, क्रेन आणि छोटी मोटार जवळपास सारख्याच लांबीच्या निघत, आणि मोठे वाहन प्रमाणाने फारच लहान होई. खेळाडूंच्या ते पथ्यावरच पडले: बसचा सांगाडा कितीतरी छोट्या, अनोळखी यंत्राचे धूड म्हणून वापरता येऊ लागला.

मॅचबॉक्सने 1977 साली ‘अ‍ॅडव्हेंचर 2000’ नावाची भविष्यकालीन वाहनांची मालिका काढली. तिच्यातले ‘रेडर कमांड’ हे दोन भागांत सुटे होणारे वाहन पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ‘2000 एडी’ या चित्रकथा-साप्ताहिकात जज ड्रेडच्या ‘कर्स्ड अर्थ’ या कथेत ‘लँड रेडर’ म्हणून अवतरले. खेळण्यावरून कल्पित जग उभे राहिल्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

1977 हेच ‘स्टार वॉर्स’चेही वर्ष. त्या चित्रपटातली अवकाशयाने घडवणाऱ्या कारागिरांनी रणगाडे, जहाजे आणि मोटारींच्या विकत मिळणाऱ्या किटमधले शेकडो बारीक भाग यानांच्या अंगावर चिकटवले होते. रणगाड्याच्या इंजिनावरची जाळी यानाच्या पाठीवर बसली, की तिचे मूळ काम कोणाच्या ध्यानात येत नाही; उरतो तो फक्त ‘हे यंत्र काहीतरी करते’ असा भास. युद्धखेळातल्या लोकांनी ही युक्ती तिथून उचलली आणि आजवर सोडलेली नाही. त्याच साली स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘ओगर’ हा खेळ आला. त्यातला स्वयंचलित महारणगाडा पुढे 1/285 प्रमाणात धातूत ओतला गेला. या लहान प्रमाणात झाकणाचा प्रश्नच उरत नव्हता, कारण सैनिक जेमतेम 6 मिमीचा असे. तरीही बहुतेकांना ओढ होती ती चेहरा दिसेल एवढ्या सैनिकाची, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या वाहनाची.

1980 च्या सुमारास मधला मार्ग म्हणून 15 मिमीचे सैनिक पुढे आले. ब्रिटनमध्ये ‘लेझरबर्न’ (1980) आणि अमेरिकेत ‘ट्रॅव्हलर’ या भूमिकाखेळाच्या जगावर बेतलेली ‘स्ट्रायकर’ (1981) या नियमावल्या याच मापाच्या. 15 मिमीला साधारण 1/100 प्रमाण जुळते, पण त्या काळी 1/100 ची वाहने बाजारात फार कमी होती. त्यामुळे हे माप सोयीचे असूनही बराच काळ मागे राहिले.

जपानमध्ये वेगळेच वारे वाहत होते. बंदाई कंपनीने 1980 साली ‘गंडाम’ या यंत्रमानवांच्या मालिकेवरची 1/144 प्रमाणातली किट आणली आणि यंत्रमानवांच्या किटचा तिथे सुकाळ झाला. ‘हॉबी जपान’ मासिकात को योकोयामा यांची ‘एसएफथ्रीडी’ ही मालिका 1982 पासून छापून येऊ लागली. तिच्यातले चिलखती पोशाख आणि वाहने त्यांनी निरनिराळ्या किटचे भाग जोडून उभी केली होती. तेलाचे ओघळ, खरवडलेला रंग, जोडकामाचे सांधे यांमुळे ही काल्पनिक यंत्रे राबलेली वाटत, आणि त्या रंगकामाचा प्रभाव युद्धखेळांवर आजही दिसतो. तिची किट मात्र 1/20 ची, टेबलावरच्या सैनिकांसाठी फारच मोठी.

जपानी किटची अमेरिकेतली वाट मात्र कज्जांची ठरली. एफएएसए कंपनीच्या 1984 सालच्या ‘बॅटलड्रॉइड्स’ या खेळाने, म्हणजे पुढच्या ‘बॅटलटेक’ने, यंत्रमानवांची रूपे ‘डॉग्रम’, ‘मॅक्रॉस’ आणि ‘क्रशर जो’ या जपानी मालिका-चित्रपटांमधून घेतली होती. नव्वदच्या दशकातल्या न्यायालयीन वादानंतर ती रूपे कंपनीला मागे घ्यावी लागली. ज्यांच्या कपाटात ती आधीच होती, त्यांच्या टेबलावर ती उतरत राहिली. नव्या खेळाडूंना मात्र जुन्या बाजारात शोधत फिरावे लागले.

ब्रिटनमध्ये 1987 साली रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर 40,000’ हा खेळ ‘रोग ट्रेडर’ या नावाने गेम्स वर्कशॉपने प्रसिद्ध केला. त्या काळात या खेळासाठी वाहने जवळपास नव्हतीच. म्हणून स्टिक-डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून केलेले तरंगते वाहन प्रसिद्ध झाले, आणि आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूंच्या आठवणीत ते पक्के बसले आहे. निवड चोख होती. आडवी ठेवलेली चपटी, गोलसर डबी म्हणजे कुठेही जोड नसलेले धूड. त्याला चाके नको असतात, कारण वाहन जमिनीवरून तरंगते. त्यावर किटमधले नळकांडे तोफ म्हणून बसवायचे, कडांना पातळ प्लास्टिकचे तुकडे लावायचे आणि सगळ्यावर एकच रंग चढवायचा. या एकरंगी थराने निरनिराळ्या ठिकाणाहून आलेले भाग एका यंत्राचे होतात. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक वस्तूला पुढे हाच नियम लागू राहिला. हॉट व्हील्सची मोटार घेतली तर तळाचे रिवेट ड्रिलने उडवायचे, तळ सोडवून चाके काढायची, मूळ रंग उतरवायचा, काचा प्लास्टिकच्या पत्र्याने बुजवायच्या आणि दाराच्या कड्या घासून टाकायच्या. ओळख पटवणाऱ्या खुणा पुसल्या, की उरतो तो आकार, आणि आकाराला काळ-वेळ नसते.

गेम्स वर्कशॉपने लवकरच ‘रायनो’ आणि ‘लँड रेडर’ ही प्लास्टिकची किट आणली. रायनो म्हणजे साखळीपट्ट्यांवरची साधी पेटी, आणि तिचे यश त्या साधेपणातच होते. त्याच धुडावर तोफेचा टरेट बसवून ‘प्रेडेटर’, अग्निबाणांचा संच बसवून ‘व्हर्लविंड’ आणि आखूड अवजड तोफ बसवून ‘व्हिंडिकेटर’ तयार झाले. मापाचा घोळ इथेही होताच: नियमांनुसार रायनोत दहा चिलखतधारी सैनिक बसत, पण प्रत्यक्ष प्रतिकृतीच्या पोटात ते मावणे अशक्य होते. नंतरच्या आवृत्तीत रायनो मोठा केला, तरी ही तफावत पूर्ण मिटली नाही.

नव्वदच्या दशकात ज्यांना आणखी अजस्र वाहने हवी होती, त्यांची गरज आधी आर्मरकास्टसारख्या परवानाधारक कंपनीच्या रेझिन प्रतिकृतींनी आणि मग गेम्स वर्कशॉपच्याच फोर्ज वर्ल्ड या शाखेने भागवली. रेझिनला महागडे पोलादी साचे लागत नाहीत. रबराच्या साच्यात थोड्या प्रती ओतता येतात. म्हणून थोडेच गिऱ्हाईक असलेली वाहनेही बाजारात येऊ शकली. ‘बेनब्लेड’ हा महारणगाडा 2007 साली प्लास्टिकमध्ये आला, तेव्हा ती वेगळी बाजारपेठ मुख्य प्रवाहात मिसळल्यासारखी झाली. ग्राउंड झीरो गेम्ससारखी छोटी ब्रिटिश दुकाने त्याच काळात कोणत्याही एका कल्पित जगाला न बांधलेली वाहने धातूत आणि रेझिनमध्ये ओतत होती. या शोधाच्या इतिहासात त्यांचे मोल मोठ्या कंपन्यांपेक्षा कमी नाही, कारण ‘कोणाचेही’ वाहन ज्याला हवे होते, त्याला जायला तीच जागा होती.

याच सुमारास इतिहासप्रेमींच्या बाजारातून अनपेक्षित मदत आली. तामियाने 1/48 च्या रणगाड्यांची नवी मालिका काढली. झ्वेझ्दा या रशियन कंपनीने गोंदाविना जोडता येणारी 1/100 ची स्वस्त किट आणली आणि 15 मिमीवाल्यांची जुनी उणीव भरून निघाली. 2012 च्या ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळामुळे 1/56 ची प्लास्टिक वाहने सर्रास मिळू लागली. जर्मन चिलखती गाडीचे धूड, वर परका टरेट, मागे दोन यान-इंजिने, एवढ्यावर वसाहत-सैन्याची गस्ती गाडी तयार होई.

सुट्या भागांवरून हक्काचा वादही झाला. गेम्स वर्कशॉपच्या वाहनांना बसतील असे पर्यायी भाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस स्टुडिओजवर अमेरिकेत भरलेल्या खटल्याचा निकाल 2013 साली संमिश्र लागला. काही मुद्दे एका बाजूने, काही दुसऱ्या बाजूने गेले. त्यानंतरच्या काळात ज्यांची प्रतिकृती कंपनी विकत नाही, अशी अनेक पथके आणि वाहने कंपनीच्या नियमपुस्तकांतून गळत गेली. घरी घडवलेल्या वाहनाला अधिकृत नियम नसणे ही खेळाची खरी हानी होती. उलट 2017 साली ऑस्प्रेने काढलेल्या ‘गॅसलँड्स’ या खेळाने हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सच्या गाड्याच मुख्य सामग्री म्हणून धरल्या. जी धडपड आधी नाइलाजाने होत होती, ती तिथे नियमांचाच भाग झाली.

प्लास्टिकचा धागा वितळवून थर रचणाऱ्या त्रिमिती छपाईचे मूळ पेटंट 2009 मध्ये संपले आणि घरगुती छपाईयंत्रे स्वस्त होत गेली. त्यानंतर रेझिनवर छापणारी यंत्रे आवाक्यात आली आणि रिवेटइतका बारीक तपशीलही घरी निघू लागला. आता वाहनाची फाइल घ्यायची आणि माप टक्क्यांत बदलायचे. 1/100 वरून 1/56 वर नेताना ती 179 टक्के करावी लागते. मोठे करताना फारसे बिघडत नाही. सपाट पृष्ठभाग थोडे ओकेबोके दिसतात इतकेच. लहान करताना मात्र 28 मिमीसाठी 0.8 मिमी जाड ठेवलेला कठडा 15 मिमीला सुमारे 0.43 मिमीवर येतो, आणि छपाईसाठी दिलेले आधार काढतानाच तुटतो. अँटेना आणि तोफांच्या नळ्यांचीही तीच गत. म्हणून अनेक आरेखक आता मोठ्या आणि लहान मापासाठी वेगवेगळ्या फाइली देतात. लहान मापाच्या फाइलीत बारीक भाग मुद्दाम जाड केलेले असतात, आणि झाकणे व टरेट सुटे छापता येतील असे ठेवलेले असतात.