स्टेरॉइड चालत नसेल तर?

1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) जखडलेल्या तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि काही दिवसांतच ती चालू लागली. 1950चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पण ज्यांची साखर आधीच चढलेली असते किंवा हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांना हा उपाय झेपत नाही.

अशांचा मुख्य आधार मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवा आणि तो पाकिटावर ठळक लिहून ठेवा. सोबत डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, रक्ताच्या तपासण्याही ठरलेल्या. गरोदरपणात हे औषध वर्ज्य. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि खरी कसोटी याच काळात लागते. सकाळी तास-तासभर बोटं मिटत नाहीत, पोळी लाटता येत नाही, नळ पिळला जात नाही. घरच्यांनी हे नाटक समजू नये, एवढी कळकळीची विनंती. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू हलवली की थोडं सैल वाटतं.

एवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. त्याआधी सुप्त क्षयाची तपासणी हवीच.

दोन दिवसांत दुखणं पळवणाऱ्या बिनलेबलच्या ‘जडीबुटी’ पुड्यांपासून मात्र लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. महिनोन्‌महिने घेत असाल, तर एकदम बंद न करता पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.