रुबेन सँडविच

रुबेन सँडविच हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उगम पावलेला गरम सँडविचचा एक प्रकार आहे. राय या धान्याच्या पावाच्या दोन कापांमध्ये कॉर्न्ड बीफ म्हणजे खारवून शिजवलेले गोमांस, स्विस चीज, सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी आणि रशियन किंवा थाउजंड आयलंड ड्रेसिंग भरून तो तव्यावर भाजला जातो. हा पदार्थ प्रामुख्याने डेली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुकानांचा. परंतु आता तो आर्बीजसारख्या फास्टफूड साखळीतही मिळतो. दोन्ही ठिकाणी घटकांची यादी जवळजवळ एकच असते. चवीत फरक पडतो तो मुख्यतः कृतीमुळे आणि वेळेमुळे.

डेलीची पार्श्वभूमी

'डेलिकॅटेसन' हा शब्द जर्मन भाषेतून इंग्रजीत आला. निवडक, चवदार खाद्यपदार्थ असा त्याचा अर्थ असून 'डेली' हे त्याचे संक्षिप्त रूप होय. इ.स. १८८० ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू लोक अमेरिकेत आले. खारवलेले व धुरावलेले मांस, काकडीची लोणची आणि राय पाव विकणारी त्यांची दुकाने न्यू यॉर्कमध्ये विशेष भरभराटीस आली. इ.स. १८८८ मध्ये स्थापन झालेले कॅट्झ डेलिकॅटेसन हे त्यांतील आजही चालू असलेले प्रसिद्ध दुकान आहे. तेथे मांस हाताने कापले जाते आणि कापणारा कारागीर गिऱ्हाइकाला आधी एखादा तुकडा चाखायला देतो. गिऱ्हाईक आणि कापणारा यांच्यातील हा व्यवहार डेलीच्या अनुभवाचाच भाग मानला जातो.

उगमाविषयीचे दोन दावे

या सँडविचचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. पहिला दावा नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराचा आहे. तेथील किराणा व्यापारी रुबेन कुलाकोफ्स्की हे १९२० च्या दशकात ब्लॅकस्टोन हॉटेलमध्ये पत्त्यांच्या डावासाठी जमणाऱ्या मंडळींपैकी एक होते. डावाच्या वेळी खाण्यासाठी हे सँडविच तयार झाले आणि हॉटेलचे मालक चार्ल्स शिमेल यांनी ते आपल्या मेनूत घेतले, असे सांगितले जाते. पुढे १९५६ मध्ये याच हॉटेलात काम केलेल्या फर्न स्नायडर यांनी हे सँडविच एका राष्ट्रीय स्पर्धेत पाठवले व ते विजयी ठरले. त्यामुळे त्याची कीर्ती देशभर पसरली.

दुसरा दावा न्यू यॉर्कमधील 'रुबेन्स' या डेलीचे मालक अर्नोल्ड रुबेन यांच्या बाजूने केला जातो. त्यांनी १९१४ मध्ये एका अभिनेत्रीसाठी 'रुबेन स्पेशल' बनवले, अशी ही हकिकत आहे. मात्र त्या सँडविचमध्ये हॅम, टर्की, स्विस चीज आणि कोलस्लॉ होते. कॉर्न्ड बीफ व सावरक्राउट नव्हते. नाव जुने असले तरी पदार्थ निराळा होता. आजच्या रुबेनच्या दृष्टीने पाहता ओमाहाची बाजू अधिक सबळ वाटते.

कोशर नियम आणि रुबेन

रुबेनला सर्रास 'ज्यू सँडविच' म्हटले जाते, पण ज्यू धर्माच्या आहारनियमांत, म्हणजे कोशर नियमांत, ते बसत नाही. या नियमांनुसार मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र खाणे निषिद्ध आहे आणि रुबेनमध्ये गोमांसावर चीज वितळवलेले असते. गोमांसाऐवजी टर्की घातली तरी अडचण सुटत नाही, कारण धर्मशास्त्रींनी हा निषेध कोंबडी-टर्कीसारख्या पक्ष्यांच्या मांसालाही लागू केला आहे. म्हणून कोशर डेलीत रुबेन चीजशिवाय किंवा वनस्पतिजन्य चीज घालून देतात. एखाद्या समाजाच्या नावाने ओळखला जाणारा पदार्थ त्या समाजातील श्रद्धाळू माणसाला मात्र वर्ज्य असावा, ही या सँडविचच्या इतिहासातील मोठी विसंगती आहे.

घटक आणि त्यांना लागणारा काळ

कॉर्न्ड बीफमधील 'कॉर्न' या शब्दाचा मक्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दाणा असा होता आणि येथे तो मिठाच्या जाड खड्यांना उद्देशून आला आहे. जनावराच्या छातीकडचे मांस, ज्याला ब्रिस्केट म्हणतात, ते चिवट आणि म्हणून स्वस्त असे. मिरे, मोहरी, धणे, तमालपत्र इत्यादी मसाले घातलेल्या मिठाच्या पाण्यात ते साधारण आठवडाभर मुरवतात आणि नंतर मंद आचेवर काही तास शिजवतात. मुरवणीतील नायट्राइटमुळे मांसाचा गुलाबी रंग शिजवल्यावरही टिकतो.

सावरक्राउटसाठी बारीक चिरलेल्या कोबीत त्याच्या वजनाच्या सुमारे २ ते २.५ टक्के मीठ चोळतात. मिठामुळे कोबीला पाणी सुटते व त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. काही आठवड्यांत कोबी आंबट होतो. त्यात व्हिनेगर घालावे लागत नाही. हा आंबटपणाच चरबीयुक्त मांस आणि चीज यांचा जडपणा कमी करतो.

राय पावात बहुधा कॅरवे बिया असतात. दिसायला त्या आपल्या जिऱ्यासारख्या असल्या तरी चव वेगळी असते. रायच्या पिठात गव्हासारखे लवचीक ग्लूटेन बनत नाही, म्हणून अमेरिकी राय पावात गव्हाचे पीठही मिसळतात.

फास्टफूड साखळीतील रुबेन

आर्बीज ही साखळी फॉरेस्ट आणि लेरॉय रॅफेल या बंधूंनी १९६४ मध्ये ओहायो राज्यातील बोर्डमन येथे सुरू केली. 'रॅफेल ब्रदर्स' या शब्दांच्या आद्याक्षरांच्या इंग्रजी उच्चारावरून, म्हणजे 'आर-बी' वरून, हे नाव पडले. ही आद्याक्षरे 'रोस्ट बीफ'ची आहेत असा अनेकांचा समज आहे, आणि साखळीचा मुख्य पदार्थ तोच असल्याने तो स्वाभाविकही आहे. हॅम्बर्गरऐवजी कापलेल्या मांसाच्या सँडविचवर भर देणाऱ्या या साखळीला रुबेन जवळचे वाटणे साहजिक होते.

तिच्या रुबेनमध्ये पातळ कापांचे कॉर्न्ड बीफ, वितळलेले स्विस चीज, सावरक्राउट व थाउजंड आयलंड ड्रेसिंग असते. पाव 'मार्बल्ड राय' म्हणजे फिकट आणि गडद पीठ एकत्र गुंडाळून भाजलेला असतो. संगमरवरासारख्या या नक्षीमुळे तो अस्सल वाटतो. परंतु अशा पावातील गडद भागात राय अधिक असते असे नाही. तो रंग सामान्यतः कोको, काकवी किंवा कॅरमेल यांपासून येतो.

मुरवणे आणि आंबवणे या दीर्घ क्रिया साखळीत कारखान्यात उरकलेल्या असतात; दुकानात केवळ जुळणी होते. म्हणूनच काही मिनिटांत रुबेन हाती पडते आणि गावोगावी ते एकसारखे मिळते. जवळपास एकही डेली नसलेल्या लहान गावातल्या माणसाला रुबेनची पहिली ओळख अशा साखळीतच होऊ शकते, आणि ही गोष्ट क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

पण घाईचे परिणामही होतात. यंत्राने फार पातळ कापलेले मांस मऊ लागते, मात्र हाताने कापलेल्या जाड कापातील धागे दातांना जाणवत नाहीत. भरलेले सँडविच लोणी लावून तव्यावर भाजले, तर पाव कुरकुरीत होत असतानाच चीज वितळून मांस व कोबी यांना धरून ठेवते. पाव आधी वेगळा भाजून मग भरण घातले, तर हे थर सुटे राहतात. सावरक्राउटचे पाणी नीट निथळलेले नसेल तर खालचा काप ओला होतो. कागदात गुंडाळलेल्या सँडविचची वाफ आत कोंडून पाव मऊ पडतो. त्यामुळे साखळीतील रुबेन गाडीतून घरी नेण्यापेक्षा तेथेच लगेच खाल्लेले बरे. डेलीतील रुबेनही थंड झाल्यावर फारसे चांगले लागत नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

दोन्ही प्रकारांत मिठाचे प्रमाण मोठे असते, कारण मांस, कोबी, चीज आणि ड्रेसिंग हे चारही घटक खारट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले असून कॉर्न्ड बीफ त्यात मोडते.

इतर रूपे

कॉर्न्ड बीफऐवजी पास्ट्रामी किंवा टर्की आणि सावरक्राउटऐवजी कोलस्लॉ घातल्यास त्या सँडविचला 'रेचेल' म्हणतात. गोमांस न खाणाऱ्यांसाठी टर्की-रुबेनही बनवले जाते.