साकेची चव: पाणी, तांदूळ आणि ऊब

कोबे शहरालगतचा नाडा हा जपानमधला साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारा सर्वांत मोठा टापू. इथले उत्पादक यामामुरा ताझाएमोन यांचे दोन कारखाने होते, एक उओझाकीला आणि दुसरा निशिनोमियाला. निशिनोमियाची साके दरवेळी सरस उतरायची. त्यांनी तांदूळ बदलून पाहिला, कारागीर बदलून पाहिले, पण फरक काही मिटेना. अखेर १८४० साली निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं, तेव्हा तिथली साकेही तितकीच चांगली उतरली. ‘मियामिझु’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या पाण्यात लोह अगदी नगण्य, पण फॉस्फरस आणि पोटॅशियम मुबलक. त्यामुळे यीस्टला जोम येतो, साके जोरात आंबते आणि चव कोरडी, ठसठशीत होते.

क्योतोच्या फुशिमीचं पाणी त्यामानाने मृदू, म्हणून तिथली साके जिभेवर हलकी उतरते. हिरोशिमाचं पाणी तर इतकं मृदू, की त्यात चांगली साके होणं अवघड मानलं जाई. तिथले उत्पादक मिउरा सेन्झाबुरो यांनी कमी तापमानात संथपणे आंबवण्याची पद्धत बसवली आणि १८९८ साली ती छापून सर्वांसाठी खुली केली. १९०७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाने बाजी मारली. पुढे बहरलेल्या सुगंधी गिंजो शैलीची पायाभरणी या संथ पद्धतीने केली.

साकेचं आंबणं वाइनपेक्षा वेगळं. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात पिष्ट असतं. वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली कोजी बुरशी पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, म्हणून ऊर्ध्वपातन न करताही अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. बहुतेक साके पाणी घालून १५-१६ टक्क्यांवर आणतात. पाणी न घातलेली ती गेन्शु. कोजी वापरून दारू बनवण्याच्या या परंपरागत विद्येला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

नवखा माणूस अडखळतो तो बाटलीवरच्या टक्क्यांपाशी. हे टक्के अल्कोहोलचे नव्हेत, घासल्यावर उरलेल्या तांदळाचे. दाणा घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर गिंजो, ५० किंवा कमी उरला तर दाइगिंजो. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि मेद निघून गेल्याने चव स्वच्छ होते आणि संथ आंबवणीमुळे सफरचंद, केळी, खरबुजासारखे वास येतात. वरून अल्कोहोल अजिबात न घातलेली ती जुनमाई. दाणा जितका जास्त घासावा तितका खर्च वाढतो, म्हणून लहान आकडा म्हणजे वरचा दर्जा असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. आकडा शैली सांगतो, गुण नव्हे. उदाहरणार्थ, किमोतो पद्धतीत लॅक्टिक आम्ल बाहेरून न घालता जिवाणूंकडून तयार होऊ देतात. अशी जुनमाई आंबूस आणि भरीव असते. भाजलेल्या मासळीबरोबर, मिसोच्या पदार्थांबरोबर ती जो आनंद देते, तो नाजूक दाइगिंजो देऊ शकत नाही.

जाणकार चाखतात ते किकिचोको नावाच्या पांढऱ्या पेल्यातून. तळाशी निळी वर्तुळं असतात. पांढऱ्यावर रंगाची छटा दिसते, निळ्यावर गढूळपणा लगेच कळतो. आधी वास घ्यायचा, मग छोटा घोट जिभेवर फिरवून तोंडाने हवा आत ओढायची, म्हणजे दडलेला सुगंध नाकापर्यंत पोचतो. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, तेही पाहायचं.

मग येतं तापमान. गरम साके हलक्या प्रतीची, हा समज दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टंचाईनंतरच्या भेसळवजा साकेने पक्का केला. त्या काळी अल्कोहोल, साखर आणि आम्ल घालून उत्पादन तिप्पट करत. आज चांगली किमोतो जुनमाई ४० ते ४५ अंशांवर अधिक खुलते; सुगंधी गिंजो मात्र १० अंशांच्या आसपास ठेवावी, तापवली की तिचा वास विस्कटतो.

म्हणून साके समजून घ्यायची असेल तर महागड्या बाटलीमागे लागू नका. एक साधी जुनमाई घ्या, थोडी गार, थोडी घरातल्या तापमानाला आणि थोडी कोमट करून घोटाघोटाने, जेवणाबरोबर चाखा. कोणती आवडली ते आधी ठरवा. बाटलीवरचा आकडा त्यानंतर वाचा.