माशांच्या औषधाला लसूण?

तळ्यातील रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, जखमा झाल्या, की आम्हां अभ्यासकांना प्रथम ‘एरोमोनास हायड्रोफिला’ या जीवाणूची शंका येते. उपाय म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देतात. पण न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा यांतून औषधाचा काही भाग पाण्यात व गाळात उतरतो. तेथे औषधाला न जुमानणारे जीवाणू टिकतात. हा गुण देणारी जनुके ते माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूंनाही देऊ शकतात.

मग लसूण वापरला तर? अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, ठेचली की उग्र दर्प सुटतो. कारण ठेचल्यावर ‘ॲलिइन’ची ‘ॲलिनेज’ या विकराशी गाठ पडते आणि ‘ॲलिसिन’ तयार होते. १९४४ साली वेगळे केलेले हे द्रव्य जीवाणूंची अनेक विकरे एकाच वेळी निकामी करते. मात्र ते टिकाऊ नाही. लसूण आधीच शिजवला तर ते तयारही होत नाही.

शिवाय आजारी मासा खाणेच सोडतो. मग खाद्यातले औषध त्याच्या पोटात जाणार कसे? रोहूवरील प्रयोगांत लसणाचा लाभ दिसला, तो आधीपासून लसूण खाल्लेल्या माशांत. म्हणून आम्ही लसणाला इलाज न म्हणता पूर्वतयारी म्हणतो. स्वच्छ पाणी आणि माफक गर्दी यांची जागा तोही घेऊ शकत नाही.