राबणाऱ्या पोरीला जोर-बैठका कशाला?

मागे एका ताईंनी आम्हाला विचारलं होतं, "पोरगी कुस्ती शिकायची म्हणते. पाणी भरते, आवणीला येते, तिला वर आणखी व्यायाम कशाला?" पालघरच्या पाड्यांवर काय नि बोईसर-तारापूरला कारखान्यात पाळी करून येणाऱ्या बायांत काय, हा प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो.

कामाने अंग दमतं, पण ते एकाच ठरावीक पद्धतीने. आवणीत कंबर तासन्‌तास वाकलेली असते. हंड्याचा भार मान आणि कणा सोसतो. हातांनी जमीन ढकलणं, खाली बसून झटकन उठणं, अंग वळवणं यात येतच नाही, आणि कुस्तीत, ज्युदोत, बॉक्सिंगमध्ये नेमकं तेच लागतं. ठोसा हाताचा दिसतो, पण त्याची ताकद पायातून निघून कंबरेतून वर येते. शिवाय व्यायामात भार हळूहळू वाढवतात आणि मध्ये आराम देतात. ताकद भरते ती त्या आरामात. कामात आराम कोण देतं?

यासाठी जिमचे पैसे लागत नाहीत. आपल्या तालमींत पूर्वीपासून जोर, बैठका, सपाट्या आहेत. मल्लखांब म्हणजे तर मल्लाच्या सरावाचा खांबच. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीत झाली. ती सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने जिंकली, आणि अंतिम लढतीत तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. कल्याण म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच!

सुरुवात भिंतीपासून करा. भिंतीला हात टेकून जोर मारायचे. ते सोपे वाटले की ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. अंग टाचेपासून मानेपर्यंत सरळ हवं. कंबर खाली पडली की त्या दिवशी थांबायचं, आकडा पुरा करण्यासाठी ओढाताण नको. बैठकीत गुडघे आत वळू देऊ नयेत. दमासाठी जागच्या जागी 30 सेकंद जोरात धावायचं, 30 सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. कुस्तीची लढत 3-3 मिनिटांच्या दोन भागांत होते, मध्ये विश्रांती फक्त 30 सेकंद. तेवढ्यात श्वास खाली बसला पाहिजे. पैलवान डोकं टेकवून मानेचा व्यायाम करतात, तो मात्र शिकवणाऱ्याशिवाय घरी करू नका.

"पिशवी सरकेल" ही भीती आयांना फार. निरोगी मुलीची गर्भपिशवी जोर-बैठकांनी सरकत नाही. पाळीतही झेपेल तेवढं करता येतं. ज्या बाईचं अंग बाहेर येतं किंवा जी नुकती बाळंत झाली आहे, तिने आधी डॉक्टरांना विचारावं.

खरी काळजी पोटाची आहे. पोरगी घाम गाळते आणि जेवते तेवढंच, मग काही महिने पाळीच येत नाही, असं झालं तर दवाखाना गाठा. थोड्याशाने धाप लागत असेल तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. ते 12 च्या खाली असेल तर आधी उपचार, मग जोर. ताटात नागलीची भाकरी, वाल, अंडं, सुका जवळा, जे घरात असेल ते थोडं जास्त वाढा. तिला शेवटी जेवायला बसवू नका.

आवणीच्या दिवसांत व्यायाम निम्म्यावर आणा, नाहीतर घरचं काम वाटून घ्या. त्या ताईंच्या घरी आता संध्याकाळचं पाणी धाकटा भाऊ भरतो.