प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रौढ साक्षरतेच्या कामात सातारा जिल्हा नवखा नाही. ग्रामशिक्षण मोहीम १९५९ मध्ये याच जिल्ह्यात सुरू झाली आणि १९६१ पासून ती राज्यभर नेण्यात आली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. तरीही या कामाविषयीचे काही गैरसमज अजून टिकून आहेत. त्यांतले बहुतेक एकाच समजुतीतून निघतात : निरक्षर प्रौढ म्हणजे शाळेत उशिरा आलेले मूल.

त्यामुळे शिकवण्याची सुरुवात अंकलिपीपासूनच व्हायला हवी, असे धरले जाते. ‘अ’ ते ‘ज्ञ’ पाठ, मग बाराखडी, आणि शब्द शेवटी. लहान मूल हे सोसते, कारण त्याच्याजवळ वेळ असतो. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईला पंधरा दिवसांनंतरही एकही उपयोगाचा शब्द वाचता आला नाही, तर ती वर्गाला येणे बंद करते आणि तिला आवड नाही, असा शेरा मात्र नोंदवहीत पडतो. प्रौढांसाठी ओळखीच्या शब्दापासून अक्षराकडे जाणारी पद्धत अधिक उपयोगी पडते. शब्द असा निवडावा की त्याच्या अक्षरांतून आणखी शब्द जुळवता येतील. रहिमतपूरच्या वर्गात गावाचे नावच घेता येईल. एसटीच्या पाटीवर ते रोज दिसते आणि त्यात र, ह, म, त, प ही पाच व्यंजने आहेत. काना आणि वेलांटी-उकारांची जोड दिली की त्यांतून हात, मत, माती, तूर, पत, माप, मापारी असे शब्द उभे राहतात. पहिल्याच आठवड्यात शेत, बाजार आणि मतदान वहीत येते. जोडाक्षरांची घाई करू नये. ती लागतील तशी घ्यावीत.

निरक्षराला गणित येत नाही, हा गैरसमज तर आठवडी बाजारातच खोटा ठरतो. कोरेगाव तालुक्यात आल्याचा भाव गाडीवर बोलतात आणि गाडी म्हणजे ५०० किलो. भाव २२,५०० सांगितला की ‘हजाराला दोन’ या हिशेबाने किलोला ४५ रुपये पडले, हे शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही तोंडी काढू शकतो. त्याला अडते ते आडत्याच्या पट्टीवर. वजन, हमाली, तोलाई, वजावट यांचे रकाने त्याला वाचता येत नाहीत. म्हणजे शिकवायची असते ती आकडेमोड मांडायची रीत. आकडेमोड त्याच्याजवळ असतेच. जिल्ह्यातले प्रसिद्ध उदाहरण म्हसवडचे. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण संस्थापक सभासदांतल्या अनेकींचे अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी अधिकाऱ्यांपुढे बोलून दाखवली. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

सही आली की माणूस साक्षर झाला, हा समज सरकारी आकड्यांना सोयीचा असला तरी चुकीचा आहे. सही हे अनेकदा पाठ केलेले चित्र असते. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याने नेमके निकष घातले : मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचणे, ७ शब्द पाहून आणि ५ शब्द ऐकून लिहिणे, शंभरपर्यंतचे आकडे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी. सध्याच्या ‘उल्लास’ कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची आहे; वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण.

वय झाले की शिकता येत नाही, हाही तसाच एक समज. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा भर १५ ते ३५ या वयोगटावर होता; ‘उल्लास’ने १५ वर्षांवरील सर्वांना दार उघडले. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी २०१६ पासून साठी ओलांडलेल्या आजीबाईंची शाळा भरत आली आहे. चाळिशीनंतर अडचण येते ती बहुधा डोळ्यांची. जवळचे दिसत नाही आणि शिकवणाऱ्याला वाटते, डोक्यात शिरत नाही. मोठा ठसा, चांगला उजेड आणि गरज असल्यास चष्मा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. वेळही सुगीचे दिवस बघून ठरवावी लागते.

साहित्य खर्चिक लागते, असेही नाही. वीजबिल, बचत गटाचे पासबुक, रेशन दुकानाचा फलक, सातबारा आणि आडत्याची पट्टी हे सगळे गावातच मिळते. शिकवणारा पदवीधर शिक्षकच हवा असेही नाही. ‘उल्लास’ स्वयंसेवकांवरच चालतो. मात्र स्वयंसेवकाला थोडे तरी प्रशिक्षण दिलेच पाहिजे. नाहीतर तो आपल्याला शाळेत जसे शिकवले तसेच शिकवू लागतो आणि वर्ग पुन्हा अंकलिपीवर येतो.

परीक्षा झाली म्हणजे काम संपले, हा शेवटचा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. आलेले अक्षर वापरात नसेल तर वर्ष-दोन वर्षांत पुसट होते. म्हणून नवसाक्षरांना सोप्या भाषेतली, ठळक छपाईची छोटी पुस्तके लागतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये झाली. त्यांत अशा पुस्तकांचे एक कपाट ठेवणे आणि बचत गटाच्या बैठकीचे इतिवृत्त आळीपाळीने सभासदांकडून लिहून घेणे, हे दोन्ही फारशा खर्चाशिवाय जमते.